लावे पाहिलेल्या मोशेची शंका

नायगावजवळच्या उमेळे गावातील कॅथलिक समाज १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांतात मोडतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाचा उपासनाविधी, लोकभाषेत करण्याची मुभा दिल्यापासून या परिसरात शास्त्रपाठ मराठीतून कानी पडू लागले. रविवारचे पाठ तीन वर्षांच्या ठरलेल्या चक्राने येतात आणि त्यांत ‘निर्गम’ ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायातील मान्ना (रानात देवाने पुरवलेले अन्न) व लावे यांची कथा येते. मात्र त्याच लाव्यांवरून इस्राएल लोकांचा नेता मोशे याने घेतलेली शंका, जी ‘गणना’ ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात आहे, रविवारी वाचली जात नाही. ती भेटते घरी सलग वाचणाऱ्याला, आणि वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मुळे असे वाचन पुष्कळ सुकर झाले आहे.

सलग वाचताना पेच उभा राहतो तो असा. मिसर सोडल्यानंतर दुसऱ्या महिन्यात देव इस्राएल लोकांच्या छावणीवर लावे पक्षी उतरवतो. पुढे वर्षभराने, सीनाय सोडल्यावर, देव महिनाभर पुरेल इतके मांस देण्याचे वचन देतो, तेव्हा तोच मोशे सहा लाख पायदळाचा आकडा पुढे करून विचारतो, की गुरेमेंढरे कापली किंवा समुद्रातले सगळे मासे गोळा केले, तरी ते पुरणार कसे? परंपरेने याचे उत्तर प्रमाणात शोधले: एका संध्याकाळचे मांस वेगळे, महिन्याचे वेगळे. एकोणिसाव्या शतकात युलिउस वेलहाउझेन आदी जर्मन अभ्यासकांनी पंचग्रंथ, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तके, अनेक परंपरांच्या विणीतून तयार झाल्याची मांडणी केली; त्या दृष्टीने पाहता या एकाच आठवणीच्या दोन कथा ठरतात. वसंतात लाव्यांचे थवे सीनायवरून स्थलांतर करतात, हे त्या आठवणीला पोषकच आहे. तरीही संकलकांनी दोन्ही कथा शेजारी राहू दिल्या आणि विसंगती पुसली नाही, याचा उलगडा निव्वळ स्रोतांच्या विभागणीने होत नाही.

अधिक बोलकी तुलना पुढेच आहे. गणना ११ मधील शंकेबद्दल मोशेला शिक्षा होत नाही, देव केवळ आपला हात तोकडा पडला आहे काय असे विचारतो. पण विसाव्या अध्यायात, खडकाशी बोलण्याची आज्ञा असताना, मोशे लोकांना बंडखोर म्हणत त्यावर दोनदा काठी मारतो, आणि वचनदत्त देशात लोकांना नेण्याचा त्याचा अधिकार जातो. पहिली शंका देवापाशी उघड मांडलेली होती, दुसरा अविश्वास लोकांदेखत कृतीतून प्रकटला. दोन्हींना एकच माप लावले की विरोध दिसतो, आणि तो जबरदस्तीने मिटवू पाहणारी बरीच भाष्ये मोशेचे माणूसपणच पुसून टाकतात.

आधी चमत्कार पाहूनही पुन्हा शंका घेण्याचा हाच आकृतिबंध मार्कच्या शुभवर्तमानातही आहे. पाच हजारांना जेवू घातल्याचे पाहूनही शिष्य चार हजारांच्या वेळी रानात भाकरी कुठून आणायची असे विचारतात, आणि नंतर तारवात एकच भाकर आहे म्हणून चिंता करतात. येशू उरलेल्या तुकड्यांच्या टोपल्या किती होत्या असे विचारतो. बारा आणि सात ही उत्तरे अचूक येतात, परंतु अजूनही तुम्हाला उमजत नाही काय, या प्रश्नाला मार्कने उत्तर नोंदवलेले नाही. त्याच्या लगेच पुढे बेथसैदा येथील अंधाची कथा आहे, ज्याला पहिल्या स्पर्शानंतर माणसे चालत्या झाडांसारखी दिसतात आणि दुसऱ्या स्पर्शानंतरच स्पष्ट दिसते.