खेळातील इंजिनाच्या सात तारा

हैदराबादेस नामपल्ली स्थानकात रूळ संपतात. तेथे एक इंजिन उभे असता दुसरे खुशाल हलते. नाताळात मुलांस मिळणाऱ्या साध्या विजेच्या गाडीत हे साधत नाही. रुळांतील वीज थेट मोटारीत जाते व त्यावरील सारीच इंजिने एकदम धावतात. डिकोडर मात्र केवळ आपल्या क्रमांकाची आज्ञा मानतो. त्याच्या तांबड्या-काळ्या तारा रुळांकडील वीज घेतात, नारिंगी-करड्या मोटारीस देतात. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या, निळी दोहोंस सामाईक. रंग चुकला तर फारसे बिघडत नाही, असे समजू नये! जुन्या इंजिनांत मोटारीचे एक टोक पुष्कळदा धातूच्या सांगाड्यास, पर्यायाने रुळास, टेकलेले असते. ते आधी सोडवावे आणि मीटर लावून खात्री करावी. नाहीतर वीज सुरू होताच महागडा डिकोडर जळतो.