देव, डॉलर आणि साडेपाचशे किलोचं चीज!

अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र म्हणून जन्माला आली की धर्मनिरपेक्ष राष्ट्र म्हणून? तिकडे हा वाद अजूनही कोर्टात रंगतो, संसदेत रंगतो आणि शाळेच्या वर्गातही रंगतो. दोन्ही पार्ट्यांच्या पोतडीत पुरावे आहेत आणि ते एकापेक्षा एक भन्नाट आहेत. चला, पोतडी उघडू या!

स्कोअर : ४ विरुद्ध ०

माहीत आहे का, १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ईश्वर चार वेळा हजेरी लावतो? निसर्गाचा ईश्वर, निर्माता, जगाचा सर्वोच्च न्यायाधीश आणि रक्षण करणारी दैवी शक्ती. आणि ११ वर्षांनी, १७८७ मध्ये, त्याच देशाने लिहिलेल्या राज्यघटनेत? देशाच्या पायाशी ईश्वर असल्याचं सांगणारं एक वाक्यही नाही! जाहीरनामा जगाला साद घालत होता, तर घटना कारभाराचे नियम ठरवत होती. वादाची पहिली ठिणगी इथेच पडते.

तारखेत प्रभू, हिशोबात रविवार

पण थांबा! घटनेच्या शेवटी तारीख आहे आणि ती लिहिलीय ‘आपल्या प्रभूच्या’ अमुक वर्षी अशी. शिवाय विधेयकावर निर्णय घ्यायला राष्ट्राध्यक्षांना १० दिवस मिळतात, तेही रविवार सोडून. ख्रिस्ती राष्ट्रवाले हे दोन पुरावे हमखास काढतात. समोरचे म्हणतात, ‘अहो, तेव्हा तारीख लिहायची पद्धतच तशी होती!’

प्रार्थनेला बजेट नाही

फिलाडेल्फिया, २८ जून १७८७. घटना लिहिणारे एकमेकांशी भांडून थकलेत. ८१ वर्षांचे बेंजामिन फ्रँकलिन सुचवतात, ‘रोज सकाळी प्रार्थनेने सुरुवात करू या.’ छान आयडिया? एक सदस्य लगेच म्हणतो, धर्मोपदेशकाला द्यायला आपल्याकडे पैसेच नाहीत! मतदान न होताच बैठक उठली. तीन-चार जण सोडले तर बाकीच्यांना प्रार्थना अनावश्यक वाटली, अशी नोंद खुद्द फ्रँकलिननीच करून ठेवलीय.

आणि ट्विस्ट? दोनच वर्षांत, १७८९ मध्ये, नव्या संसदेने स्वतःसाठी धर्मोपदेशक नेमले. ते पद आजही आहे!

परीक्षा रद्द!

सरकारी पदासाठी कधीही धर्माची परीक्षा घेतली जाणार नाही, हे घटनेच्या सहाव्या कलमात ठणकावून लिहिलंय. हे केवढं धाडस होतं, माहीत आहे का? त्याच काळात डेलावेअर राज्यात पद हवं असेल तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्यावर श्रद्धा असल्याचं जाहीर करावं लागे. १७९१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने केंद्राला अधिकृत धर्म स्थापन करायला बंदी घातली, पण राज्यं मोकळीच राहिली. मॅसॅच्युसेट्समध्ये तर चर्चसाठीचा कर थेट १८३३ पर्यंत चालला!

गायब झालेलं कलम ११

१७९७ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या ट्रिपोली या मुस्लिम राज्याशी तह झाला. त्याच्या ११व्या कलमात स्पष्ट म्हटलंय की अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर उभारलेलं नाही. सिनेटने तह एकमताने मंजूर केला, राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी सही ठोकली. धर्मनिरपेक्षवाल्यांचा हुकमी एक्का!

पुढे विसाव्या शतकात अभ्यासकांनी तहाची अरबी प्रत नीट वाचली आणि चाटच पडले. त्यात ११वं कलमच नाही! त्या जागी भलतंच एक पत्र आहे. का? कोडं अजून सुटलेलं नाही. पण सिनेटने इंग्रजी मजकूर वाचून होकार दिला होता, एवढं मात्र पक्कं.

चीज मोठी है मस्त!

१ जानेवारी १८०२. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या दारात १,२३५ पौंडांचं, म्हणजे तब्बल ५६० किलोंचं चीज येऊन थडकतं! मॅसॅच्युसेट्समधल्या चेशर गावच्या भाविकांची ही भेट, आणि ती घेऊन आलेत बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक जॉन लेलंड. जेफरसननी फुकट भेट नको म्हणून २०० डॉलर मोजले.

त्याच दिवशी त्यांनी कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना पत्र लिहिलं. चर्च आणि सरकार यांच्यामधली ‘भिंत’ हा जगप्रसिद्ध शब्दप्रयोग त्याच पत्रातला. आणि दोन दिवसांनी रविवारी? जेफरसन लेलंड यांचं प्रवचन ऐकायला हजर! कुठे? संसदेच्या सभागृहात!

सगळ्यात मोठं सरप्राइज पुढेच आहे. भिंतीची ही बातमी ज्यांना हवीहवीशी होती ते नास्तिक नव्हते, कट्टर श्रद्धाळू होते. कनेक्टिकटमध्ये दुसऱ्याच पंथाच्या चर्चला राजाश्रय होता. त्याच्या करातून सूट हवी तर बॅप्टिस्टांना दाखला सादर करावा लागे. धर्मस्वातंत्र्य आम्हाला मेहरबानी म्हणून नको, हक्क म्हणून द्या, ही त्यांची मागणी होती.

बायबलवर वस्तरा

याच जेफरसननी बायबलच्या प्रती घेतल्या, धारदार पात्याने येशूच्या शिकवणीचे उतारे कापले आणि कोऱ्या पानांवर चिकटवले. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी असे चार भाषांचे रकाने शेजारी-शेजारी! चमत्कार वगळले, पुनरुत्थान वगळलं. १८२० मध्ये तयार झालेलं हे पुस्तक त्यांनी कधी छापलं नाही. १९०४ मध्ये ते छापलं कुणी? चक्क अमेरिकी संसदेने, ९,००० प्रती!

शपथेवर सांगतो

राष्ट्राध्यक्षांच्या शपथेत बायबल सक्तीचं आहे? मुळीच नाही! १८२५ मध्ये जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी कायद्याच्या पुस्तकावर हात ठेवला. २००७ मध्ये कीथ एलिसन संसदेत पोचणारे पहिले मुस्लिम सदस्य ठरले. शपथविधीच्या समारंभात त्यांच्या हाती कुराण होतं, आणि ती प्रत होती थॉमस जेफरसन यांच्या संग्रहातली!

खणखणीत नाणं

‘इन गॉड वी ट्रस्ट’ हे वाक्य संस्थापकांचं, असं वाटतं ना? ते पहिल्यांदा झळकलं १८६४ मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत, दोन सेंटच्या नाण्यावर. १९०७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी ते सोन्याच्या नव्या नाण्यांवरून काढलं. कारण? पैशावर देवाचं नाव म्हणजे देवाचा अपमान! लोक भडकले आणि १९०८ मध्ये संसदेने ते परत आणलं.

राष्ट्रीय बोधवाक्य म्हणून त्यावर शिक्कामोर्तब झालं १९५६ मध्ये. शाळेतल्या प्रतिज्ञेचंही तेच. १८९२ मध्ये फ्रान्सिस बेलामी या धर्मोपदेशकाने ती लिहिली तेव्हा त्यात देव नव्हता. ‘ईश्वराच्या छत्राखाली’ या अर्थाचे शब्द घातले गेले १९५४ मध्ये, कम्युनिस्ट रशियाशी शीतयुद्ध ऐन भरात असताना.

आणि आपल्या दिल्लीत?

फिलाडेल्फियात टळलेलं मतदान दिल्लीत मात्र झालं! १७ ऑक्टोबर १९४९. संविधान सभेत ह. वि. कामत यांनी सुचवलं, उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करा. एक सदस्य म्हणाले, मग देवीच्या नावाने का नको? पूर्णिमा बॅनर्जी यांनी विनवलं, देवावर मत द्यायची वेळ आमच्यावर आणू नका. कामत हटले नाहीत. निकाल : बाजूने ४१, विरोधात ६८. उद्देशिका ‘आम्ही भारताचे लोक’ अशीच सुरू झाली. शपथेत मात्र मंत्र्याला आजही चॉइस आहे : ईश्वरसाक्ष म्हणा किंवा गांभीर्यपूर्वक म्हणा.

मग जिंकलं कोण?

संस्थापकांपैकी बरेच जण श्रद्धाळू होते, हे खरं. पण नागरिकाची श्रद्धा तपासायचा अधिकार त्यांनी केंद्र सरकारला दिला नाही, हे तितकंच खरं. आणि त्या निर्णयामुळे सगळ्यात मोकळा श्वास घेतला तो छोट्या पंथांच्या भाविकांनी. म्हणून पुढच्या वेळी कुणी छातीठोकपणे म्हणालं की ‘संस्थापकांना हेच हवं होतं’, तर फक्त एवढंच विचारा : कागद कोणता आणि साल कोणतं? १७७६, १७८७ की १९५४? निम्मा वाद तिथेच मिटेल!