विंडोज १० सोडून उबंटूवर गेलात? बोटांना पाठ झालेले शॉर्टकट असे परत बसवा

यवतमाळ : महा ई-सेवा केंद्र असो, झेरॉक्सचे दुकान असो की डीटीपी सेंटर, जिल्ह्याच्या १६ तालुक्यांत कुठेही काउंटरवर गर्दी झाली की माउस बाजूला राहतो आणि काम बोटांवर चालते. एका शॉर्टकटने ब्राउझर उघडतो, दुसऱ्याने कॅल्क्युलेटर. मात्र जुन्या संगणकावरचे विंडोज काढून लिनक्स टाकले की यातली बरीच बटणे मुकी होतात. समोर रांग आणि ऑपरेटर मेन्यूत प्रोग्राम शोधतोय, अशी वेळ येते. अर्ध्या तासाची तयारी केली तर हे टळू शकते.

ही वेळ आत्ताच का आली?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर चालतात. त्यामुळे धडधाकट असलेले अनेक जुने संगणक या अटीत बसत नाहीत. नवा संगणक घेणे परवडत नसेल, तर उबंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली हा एक मार्ग आहे.

शॉर्टकट जातात कुठे?

शॉर्टकट कीबोर्डमध्ये नसतो. कीबोर्ड फक्त कोणते बटण दाबले गेले एवढेच कळवतो. त्यावर काय करायचे, हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. विंडोजमध्ये आयकॉनवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये दिलेली शॉर्टकट की त्या आयकॉनच्या फाइलमध्येच साठवलेली असते. म्हणून कागदपत्रे आणि फोटो पेन ड्राइव्हवर घेतले, तरी शॉर्टकट सोबत येत नाहीत.

फॉरमॅट मारण्याआधी वही घ्या

दिवसभरात वारंवार उघडले जाणारे पाच-सहा प्रोग्राम लिहून काढा. प्रत्येकापुढे तुम्ही दाबता ती बटणे लिहा. टास्कबारवर कोणता आयकॉन कितव्या क्रमांकावर आहे, तेही नोंदवा. केंद्रावर दोघे-तिघे आळीपाळीने बसत असतील, तर प्रत्येकाची सवय विचारून घ्या.

काहीही न बदलता चालणारी बटणे

कीबोर्डवरच्या विंडोज कीला उबंटूत 'सुपर' म्हणतात. पुढील गोष्टी दोन्हीकडे सारख्याच चालतात :

- विंडोज की आणि १ ते ९ पैकी एक अंक : विंडोजमध्ये टास्कबारवरचा आणि उबंटूत डॉकवरचा त्या क्रमांकाचा प्रोग्राम उघडतो. म्हणून डॉकवरचे आयकॉन वहीतल्या क्रमानेच लावा. निम्मे काम इथेच होते.
- विंडोज की आणि एल : स्क्रीन लॉक.
- विंडोज की आणि स्पेस : टायपिंगची भाषा बदलणे.

विंडोज की आणि आर दाबून उघडणाऱ्या 'रन'च्या चौकटीसाठी मात्र उबंटूत आल्ट आणि एफ२ दाबावे लागते.

स्वतःचा शॉर्टकट कसा बनवायचा?

१. सेटिंग्जमध्ये 'कीबोर्ड' उघडा आणि 'व्ह्यू अँड कस्टमाइझ शॉर्टकट्स'वर जा.
२. यादीत सर्वांत खाली 'कस्टम शॉर्टकट्स' आहे. तिथे नवा शॉर्टकट जोडा.
३. 'नेम'मध्ये ओळखीचे कोणतेही नाव द्या.
४. 'कमांड'मध्ये प्रोग्रामचे नाव इंग्रजी लहान अक्षरांत लिहा. ब्राउझरसाठी नुसते फायरफॉक्स पुरते. एक्सेलसारखे काम करणाऱ्या लिबरऑफिस कॅल्कसाठी आधी लिबरऑफिस सलग लिहा, मग एक स्पेस, दोन डॅश आणि त्यांना चिकटून कॅल्क.
५. 'सेट शॉर्टकट'वर क्लिक करून वहीतली बटणे दाबा आणि सेव्ह करा.

ती बटणे आधीच दुसऱ्या कामाला दिलेली असतील, तर उबंटू तशी सूचना देते. उदाहरणार्थ, कंट्रोल, आल्ट आणि टी दाबल्यास टर्मिनल उघडते. कंट्रोल आणि आल्टसोबत एफ१ ते एफ१२ ही बटणे वापरू नका. त्यातले एफ३ दाबले गेल्यास काळ्या पडद्यावर लॉगिन मागितले जाते. घाबरू नका, संगणक बिघडलेला नसतो. कंट्रोल, आल्ट आणि एफ२ किंवा एफ१ दाबून परत येता येते.

मराठी टायपिंगचे काय?

इथे दिलासा आहे. इन्स्क्रिप्ट कीबोर्डची रचना भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात ठरलेली आहे. ती विंडोजमध्ये मिळते तशी लिनक्समध्येही मिळते. त्यामुळे 'क' कुठे आणि वेलांटी कुठे, हे बोटांना नव्याने शिकावे लागत नाही. प्रोग्राम उघडण्याच्या शॉर्टकटसाठी असे समान मानक नाही, म्हणूनच ते हाताने बसवावे लागतात. रेमिंग्टन पद्धतीने टाइप करणाऱ्यांनी मात्र आपला लेआउट मिळतो का, हे आधी पाहावे.

थेट बदल करू नका

शॉर्टकट बसवता येतात, पण प्रोग्रामच नसेल तर शॉर्टकटचा उपयोग नाही. पेजमेकर आणि फोटोशॉपच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. डिजिटल सहीचा डोंगल, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, प्रिंटर आणि स्कॅनर चालतात का, हे प्रत्येक मॉडेलनुसार वेगळे असते. सरकारी कामासाठी लागणारे एखादे उपकरण फक्त विंडोजवर चालत असेल, तर तो एक संगणक विंडोजवरच ठेवणे शहाणपणाचे.

८ जीबी किंवा त्याहून मोठ्या पेन ड्राइव्हवरून उबंटू इन्स्टॉल न करता चालवून पाहता येते. विंडोज जागच्या जागी राहते. फक्त या चाचणीत बनवलेले शॉर्टकट संगणक बंद केल्यावर पुसले जातात. सुटीच्या दिवशी एक प्रिंट काढून बघा, एक फॉर्म स्कॅन करून बघा आणि वहीतली बटणे दाबून बघा. सगळे जमले तरच जुनी प्रणाली काढा. ॲडमिशनच्या किंवा पीककर्जाच्या गर्दीत हा बदल करू नका.