जलतरण: नुसत्या जोराचा खेळ नव्हे

ऑलिंपिकमधली जलतरणाची छोट्या पल्ल्याची शर्यत टीव्हीवर मिनिटभरात संपते. त्या मिनिटामागचे पाण्याचे गणित आणि सरावाची पद्धत आपल्याला दिसत नाही, म्हणून काही समजुती पिढ्यान् पिढ्या चालत राहतात. त्यांतल्या चार तपासून पाहू.

गैरसमज १: पोहल्याने उंची वाढते.
वस्तुस्थिती: उंची मुख्यतः आनुवंशिकतेने ठरते, वाढीच्या वयातल्या आहाराचाही त्यात वाटा असतो. लांब हातापायांचा शर्यतीत फायदा होतो, त्यामुळे उंच मुलेच वरच्या पातळीवर अधिक दिसतात. पण अथेन्स (2004) आणि बीजिंग (2008) या दोन्ही ऑलिंपिकमध्ये ब्रेस्टस्ट्रोकच्या 100 आणि 200 मीटर शर्यती जिंकणारा जपानचा कोसुके किताजिमा सहा फुटांच्या आतलाच.

गैरसमज २: जोरात हातपाय मारणारा पुढे जातो.
वस्तुस्थिती: पाण्याची घनता हवेच्या सुमारे 800 पट असते आणि वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. म्हणून ताकदीइतकेच महत्त्व शरीर सरळ रेषेत ठेवण्याला आहे. पृष्ठभागावर तर आपण उठवलेल्या लाटाच आपल्याला अडवतात. 1988च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ 100 मीटर बॅकस्ट्रोकमध्ये सुरुवातीचे तीसएक मीटर पाण्याखालूनच डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेली लाथ) मारत गेला. त्याला रौप्य मिळाले. सुवर्ण जिंकणाऱ्या जपानच्या दाइची सुझुकीनेही तेच तंत्र वापरले होते. मग नियम आला. आज फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये सुरुवातीला आणि प्रत्येक वळणानंतर 15 मीटरपर्यंत डोके पाण्याबाहेर यावेच लागते.

गैरसमज ३: जितके जास्त किलोमीटर, तितका वेग.
वस्तुस्थिती: ते अंतरावर अवलंबून आहे. 800 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण सलग चार ऑलिंपिकमध्ये जिंकणाऱ्या केटी लेडेकीला लांब पल्ल्याच्या सरावाशिवाय गत्यंतर नाही. ऑस्ट्रेलियाच्या कॅमरन मॅकएव्हॉयने मात्र पोहण्याचे अंतर खूप कमी करून वजने आणि जिम्नॅस्टिक्सवर भर दिला आणि तिशीत, पॅरिसमध्ये (2024) 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण 21.25 सेकंदांत पटकावले. मोठ्या स्पर्धेआधी दोन-तीन आठवडे सराव मुद्दाम कमी केला जातो. त्याला ‘टेपर’ म्हणतात. थकलेले स्नायू त्या काळात भरून येतात.

गैरसमज ४: भिंतीपाशी आधी पोहोचला तो जिंकला.
वस्तुस्थिती: भिंतीवरचा टच पॅड आधी दाबतो तो जिंकतो. बीजिंगमध्ये 100 मीटर बटरफ्लायच्या शेवटी सर्बियाचा मिलोराद चाविच हात लांबवून भिंतीकडे नुसता सरकत गेला. मागे असलेल्या मायकेल फेल्प्सने अर्धा जादा स्ट्रोक मारून पॅडवर हात आदळला. वेळ: 50.58 आणि 50.59. सर्बियाची तक्रार फेटाळली गेली.

तेव्हा पोहायला शिकणाऱ्या मुलाला ‘आज किती फेऱ्या मारल्यास?’ एवढेच विचारू नका. अंग सरळ राहते का, वळण जमते का, भिंतीला हात कसा लागतो, हेही बघा. शर्यतींचे निकाल तिथेच लागतात.