शिराजमधली मिरी

काही वर्षांपूर्वी माझा भाचा फ्रान्सहून येताना ऱ्होन नदीच्या खोऱ्यातली 'सिरा' द्राक्षाची रेड वाइन घेऊन आला. डोंबिवलीच्या आमच्या घरी वाइनचे पेले नव्हते. सरबताचे ग्लास काढले. पत्नी पीत नाही. तिने नुसता वास घेतला आणि विचारले, “यात मिरपूड पडलीय का?” मी तीनदा हुंगले. पिकलेले जांभूळ आले, थोडा धूर आला, मिरी काही आली नाही. वाइनवर वह्या भरणारा मी; बाजी तिने मारली. तेव्हापासून या मिरीचा माग काढतो आहे.

नाशिकच्या बाटल्यांवर हेच द्राक्ष 'शिराज' या नावाने भेटते. नावामुळे इराणचे शिराज शहर आठवते, आणि त्या आठवणीला जोडायला आपल्याकडे एक गोष्टही तयार आहे. फिरिश्ता सांगतो की बहामनी सुलतानाने कवी हाफिजला शिराजहून दख्खनला बोलावले, वाटखर्चही पाठवला. हाफिज होर्मुझला जहाजावर चढला, पण वादळ झाले आणि तो माघारी फिरला. दरबारी पोचली ती फक्त गझल. कवी आला नाही, पण त्याच्या गावचे द्राक्ष सहा शतकांनी आले, असे वाक्य मी वहीत लिहूनही ठेवले होते. ते खोडावे लागले. १९९८ मध्ये कॅलिफोर्निया आणि माँपेलिए येथील संशोधकांनी डीएनए तपासून सिराचे आईबाप शोधले: माँद्यूज ब्लांश ही पांढरी जात आणि द्युरेझा ही काळी. दोन्ही आग्नेय फ्रान्समधल्या. इराणचा संबंध नाही. जेम्स बस्बीने फ्रान्समधून गोळा केलेल्या काड्या १८३२ मध्ये ऑस्ट्रेलियाला पोचल्या. तिथे 'शिराज' हे नाव रुळले आणि पुढे आपल्या बाटल्यांवरही आले.

नाव फसवे निघाले, मिरी मात्र खरी. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी या वाइनमधले रोटंडोन हे द्रव्य ओळखले. मिऱ्यांतही तेच असते. द्राक्षाच्या सालीत ते साठते, थंड जागी अधिक. रेड वाइनमध्ये लिटरमागे १६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे १६ अब्जांश, एवढ्यानेही ते जाणवते. पण त्याच चाचण्यांत पाचांपैकी सुमारे एकाला ते भरपूर घालूनही कळले नाही! हे वाचून माझे ओझे उतरले. एका टेस्टिंगमध्ये “मिरी येत नाही” म्हणालो, तेव्हा “सवय नाही तुम्हाला” असे हसून ऐकवले गेले होते.

ऱ्होनमध्ये वेल हिवाळाभर झोपते आणि द्राक्षे सप्टेंबरच्या सुमारास काढतात. नाशिकला ती तशी झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि तोडणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, ऊन तापू लागताना. म्हणून नाशिकच्या शिराजमध्ये मला तरी पिकलेले फळ पुढे वाटते; मिरीबद्दल पत्नीचाच हवाला. ती म्हणते, आहे, पण मागे.

आता जेवण. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतात, म्हणून रेड वाइनने जीभ कोरडी पडते. मटणाची चरबी आणि प्रथिने तो तुरटपणा स्वतःवर घेतात. ठाणे-कल्याणच्या सीकेपी घरांतले खिमा पॅटिस याला उत्तम, मिरी-खोबऱ्याच्या वाटणातले मटणही. शाकाहाऱ्यांनी दाण्याचे कूट घातलेली भरली वांगी घ्यावीत. तिखटजाळ रस्सा नको, कारण अल्कोहोल मिरचीची आग वाढवतो. बोंबील तर मुळीच नको. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की वाइनमधल्या लोहामुळे मासळीचा वास उग्र होतो. मी हे सुक्या बोंबलांबरोबर एक चांगली बाटली वाया घालवून आधीच शिकलो होतो.

रोटंडोन हे नाव ज्या वनस्पतीवरून पडले ती सायपेरस रोटंडस, म्हणजे आपला नागरमोथा. उटण्यात पडतो तोच. उटण्याचा वास मलाही येतो, कारण त्यात इतर गंध पुष्कळ. तो एक धागा मात्र पन्नास दिवाळ्या माझ्या नाकाखालून गेला. गेल्या नरक चतुर्दशीच्या पहाटे पत्नीपुढे उटण्याची वाटी धरली. तिने डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाली, “आहे की. त्या बाटलीतलाच.”