नॉर्वेची वेगळी चूल

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात नॉर्वे या देशाची ओळख आपणांस मध्यरात्रीच्या सूर्याचा, समुद्राच्या चिंचोळ्या व खोल खाड्यांचा आणि कॉड माशांचा देश म्हणून होते. त्याच्या इतिहासाकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. वस्तुतः तो विचार करावयास लावणारा आहे. जुलमी सत्तेशी झुंज देऊन स्वतंत्र झालेली राष्ट्रे जगात पुष्कळ आहेत. परंतु ज्या संयुक्त राज्यात स्वतःचे विधिमंडळ होते, स्वतःचे कायदे होते, आणि ज्यात उघड जुलूम असा होत नव्हता, त्या राज्यातून युद्धावाचून बाहेर पडलेले राष्ट्र विरळाच. नॉर्वेने १९०५ साली हे करून दाखविले. जुलूम नव्हता, तर मग वेगळे होण्याची गरज काय होती? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १८१४ पर्यंत, म्हणजे चारशेहून अधिक वर्षे, नॉर्वे डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता. नेपोलियनच्या युद्धांत डेन्मार्क हरणाऱ्या बाजूस राहिला आणि जानेवारी १८१४ मधील कीलच्या तहान्वये त्याने नॉर्वे स्वीडनच्या राजाच्या स्वाधीन केला. एखादे शेत एका सावकाराकडून दुसऱ्याकडे जावे, तसा एक देश हस्तांतरित झाला. तेथील रहिवाशांस कोणी विचारले नाही. परंतु ते रहिवासी स्वस्थ बसले नाहीत. आइड्सव्होल या गावी ११२ प्रतिनिधी जमले आणि १७ मे १८१४ रोजी त्यांनी आपल्या देशाची राज्यघटना सिद्ध केली. त्या काळच्या युरोपात इतकी उदार घटना क्वचितच आढळली असती. उन्हाळ्यात स्वीडनशी अल्पकाळ युद्ध झाले आणि नॉर्वेला स्वीडनशी संयोग मान्य करावा लागला. मात्र ही घटना, काही फेरफारांसह, त्याने शाबूत राखली.

या संयोगाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. दोन राज्ये, एक राजा, असा तो करार होता. नॉर्वेचे विधिमंडळ, ज्यास ‘स्टॉर्टिंग’ म्हणतात, ते स्वतंत्र होते. सैन्य, खजिना, न्यायालये हीही वेगळी होती. परंतु राजा स्टॉकहोमला राहत असे आणि परराष्ट्रव्यवहार स्वीडनच्या परराष्ट्रमंत्र्याच्या हाती असे. घरात सर्व मोकळीक, पण बाहेर पडावयाचे ते थोरल्या भावाचे बोट धरून, अशी नॉर्वेची स्थिती होती.

आरंभी याचे फारसे वैषम्य वाटले नाही. पुढे मात्र राष्ट्राला स्वतःची ओळख पटू लागली. ईवार ओसेन या शेतकऱ्याच्या मुलाने खेडोपाडी हिंडून बोलीभाषांचा अभ्यास केला आणि १८४८ साली त्यांचे व्याकरण, १८५० साली कोश प्रसिद्ध केला. डॅनिश वळणाच्या ग्रांथिक भाषेच्या बरोबरीने या लोकभाषेला १८८५ साली स्टॉर्टिंगने मान्यता दिली. निशाणाचीही अशीच कथा आहे. नॉर्वेच्या निशाणाच्या कोपऱ्यात दोन्ही देशांचे रंग मिसळलेले एक संयोगचिन्ह असे. लोक थट्टेने त्यास ‘हेरिंग माशाची कोशिंबीर’ म्हणत! ते व्यापारी निशाणावरून काढून टाकण्याच्या कायद्यास राजाने दोनदा नकार दिला. परंतु तोच कायदा तीन वेगवेगळ्या स्टॉर्टिंगांनी मंजूर केला, तर राजाच्या संमतीवाचूनही तो अमलात येतो, अशी घटनेत तरतूद होती. त्याप्रमाणे १८९८ साली तो तिसऱ्यांदा मंजूर झाला. रागापेक्षा नियमावर अधिक विसंबण्याची ही वृत्ती पुढेही आपणांस दिसेल.

वादाचे मुख्य कारण मात्र निशाण नव्हते, तर व्यापार हे होते. नॉर्वेची जमीन डोंगराळ, शेती थोडी. त्यामुळे हा देश समुद्रावर जगला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा व्यापारी जहाजांचा ताफा जगातील सर्वांत मोठ्या ताफ्यांपैकी एक होता. ही जहाजे दूरदूरच्या बंदरांत जात. तेथे खलाशी आजारी पडला, मालाविषयी तंटा झाला, तर दाद मागावयाची ती व्यापारी वकिलाकडे, म्हणजे कॉन्सलकडे. पण कॉन्सल संयुक्त राज्याचे असत आणि स्वीडिश परराष्ट्रमंत्र्याच्या हुकमतीखाली काम करीत. दोन देशांचे व्यापारी धोरणही भिन्न होऊ लागले. स्वीडनने १८८८ पासून जकातीच्या भिंती उंच केल्या. नॉर्वेला खुला व्यापार सोयीचा होता. दोहोंमधील मुक्त व्यापाराचा करारही १८९७ साली संपला. ज्यांचे हित वेगळे, त्यांचा कैवारी एकच कसा असावा? म्हणून नॉर्वेने स्वतःच्या कॉन्सलची मागणी केली.

स्वीडनचे म्हणणेही न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. उत्तरेस रशियासारखे प्रबळ साम्राज्य शेजारी असता दोन देशांनी एकत्र राहणे हेच संरक्षणाच्या दृष्टीने शहाणपणाचे, असे स्वीडिश मुत्सद्द्यांना वाटे. कॉन्सल वेगळे झाले की परराष्ट्रमंत्री वेगळा होणार आणि मग संयोग नावालाच उरणार, ही त्यांची भीती खोटी नव्हती. शिवाय करार दोघांनी केला, तर तो एकट्याने कसा मोडावा, हा त्यांचा आक्षेपही बिनतोड वाटे. नॉर्वेची लोकसंख्या सुमारे २३ लाख, स्वीडनची ५० लाखांहून अधिक. १८९५ साली स्वीडनकडून युद्धाची भाषा निघाली, तेव्हा स्टॉर्टिंगला माघार घ्यावी लागली होती.

मार्च १९०५ मध्ये बर्गेन शहरचे एक जहाजमालक, क्रिस्तियान मिकेल्सेन, हे नॉर्वेचे पंतप्रधान झाले. स्टॉर्टिंगने स्वतंत्र कॉन्सलांचा कायदा मंजूर केला. २७ मे रोजी राजा दुसरा ऑस्कर याने त्यास संमती नाकारली. त्याबरोबर मंत्र्यांनी राजीनामे दिले. दुसरे मंत्रिमंडळ बनविणे सध्या शक्य नाही, असे सांगून राजाने ते राजीनामे स्वीकारले नाहीत.

याच एका वाक्यात नॉर्वेच्या कायदेपंडितांना वाट सापडली. त्यांची तर्कसंगती अशी होती : घटनेप्रमाणे राजाने मंत्रिमंडळाच्या द्वारे राज्य करावयाचे असते. मंत्रिमंडळ बनविणे शक्य नाही, असे राजा स्वतःच म्हणतो. म्हणजे नॉर्वेचा राजा या नात्याने त्याचे कार्य थांबले आहे. दोन देशांना जोडणारा दुवा तो राजाच होता. दुवा निखळला, तेव्हा संयोगही संपला. ७ जून १९०५ रोजी स्टॉर्टिंगने एकमताने हा ठराव केला. त्यात शिवीगाळ नव्हती, शस्त्राची धमकी नव्हती. उलट राजाच्याच घराण्यातील एखादा राजपुत्र आम्हांस राजा म्हणून द्यावा, अशी विनंती त्याच दिवशी करण्यात आली. ऑस्करने ती मानली नाही.

हे तर विधिमंडळाचे मत, लोकांचे काय? जनतेचा कौल घ्यावा, अशी अट स्वीडनने घातली. १३ ऑगस्ट रोजी मतदान झाले. वेगळे होण्याच्या बाजूने ३,६८,२०८ मते पडली आणि विरुद्ध केवळ १८४! स्त्रियांना तेव्हा मताचा हक्क नव्हता. त्यांनी गावोगाव हिंडून दोन लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या व आपला पाठिंबा नोंदविला. पुढे १९१३ साली नॉर्वेतील सर्व प्रौढ स्त्रियांना विधिमंडळाच्या निवडणुकीत मताधिकार मिळाला.

तरीही युद्धाचा धोका टळला नव्हता. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस सैन्य उभे होते. स्वीडनमधील मजूरपक्षाचे पुढारी याल्मार ब्रांटिंग यांनी नॉर्वेवर शस्त्र उचलण्यास कसून विरोध केला. इकडे ध्रुवप्रदेशाचे कीर्तिमान प्रवासी फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी परदेशी वृत्तपत्रांतून नॉर्वेची बाजू मांडली. अखेर स्वीडनमधील कार्लस्टाड येथे वाटाघाटी होऊन २३ सप्टेंबर रोजी समेट झाला. नॉर्वेने सरहद्दीवरील नवे किल्ले पाडावयाचे, मध्ये निःशस्त्र पट्टा राखावयाचा, पुढील तंटे लवादाकडे न्यावयाचे, आणि रेनडियर चारणाऱ्या सामी लोकांना सीमा ओलांडण्याची मुभा ठेवावयाची, असे ठरले. किल्ले पाडणे अनेक नॉर्वेजियनांस झोंबले. पण मिकेल्सेन यांनी ते कडू औषध देशाच्या गळी उतरविले.

२६ ऑक्टोबर रोजी ऑस्करने नॉर्वेच्या मुकुटावरील हक्क सोडला. मग डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल यास बोलावणे गेले. त्याने अट घातली, ‘प्रथम लोकांना विचारा.’ नोव्हेंबरात मतदान झाले. २,५९,५६३ मते त्याच्या बाजूने व ६९,२६४ विरुद्ध पडली, तेव्हा कोठे तो आला आणि सातवा होकोन हे जुने नॉर्वेजियन राजनाम त्याने धारण केले.

लहान राष्ट्राचे स्वातंत्र्य टिकते काय, ही शंका उरतेच. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर स्वारी केली. होकोनने शरणागती नाकारली. ७ जून १९४० रोजी तो देश सोडून इंग्लंडकडे निघाला आणि बरोबर पाच वर्षांनी, ७ जून १९४५ रोजी, स्वदेशी परतला. म्हणजे स्वातंत्र्य हे संकटापासून कवच ठरले नाही. मात्र संकटात काय करावयाचे, हे त्या राष्ट्राने स्वतः ठरविले. पुढे दोन्ही देशांतील नागरिकांना १९५२ पासून पासपोर्टाविना ये-जा करण्याची आणि १९५४ पासून परवान्याविना काम करण्याची मोकळीक मिळाली. नॉर्वे १९४९ पासून ‘नाटो’ या संरक्षणसंघटनेत आहे. २०२४ साली स्वीडनही तीत सामील झाला. युरोपीय संघात मात्र स्वीडन १९९५ साली गेला, तर नॉर्वेच्या जनतेने १९७२ व १९९४ अशा दोन्ही कौलांत बाहेर राहणे पसंत केले.

विद्यार्थिमित्रहो, आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. नॉर्वे वेगळा झाला तो दुःखातून सुटण्यासाठी नव्हे, तर जगापुढे स्वतःच्या तोंडाने बोलता यावे यासाठी. आणि ही वेगळी चूल मांडताना त्याने मोठ्या घराशी वैर धरले नाही. ज्या बाबतींत एकत्र राहणे दोघांच्या हिताचे होते, त्यांत ते दोन देश पुढे राजीखुशीने एकत्र आले. ज्यांत मत भिन्न होते, त्यांत प्रत्येकाने आपला मार्ग धरला. शेजारधर्म मात्र दोघांनीही मोडला नाही.