फौजेतून घरी आल्यावर नोकरी कशी शोधाल?

फौजेतला जवान बहुधा चाळिशीच्या आसपास घरी येतो. पेन्शन मिळते, पण मुलांचे शिक्षण आणि घराचे हप्ते तेवढ्यात भागत नाहीत. मग मिळेल त्या पगारावर वॉचमनची नोकरी धरणारे अनेक जण आम्ही पाहतो. कारण अर्जात एवढेच असते: 'हवालदार, १७ वर्षे सेवा.' मालकाला त्यातून काय कळणार?

आमचे सांगणे असे की, प्रथम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा. केंद्र सरकारच्या 'क' गटातील थेट भरतीत माजी सैनिकांसाठी १० टक्के जागा राखीव असतात.

खासगी नोकरीसाठी प्रत्यक्ष काम लिहा: किती गाड्या सांभाळल्या, किती माणसांवर देखरेख केली, कोठाराचा हिशोब कसा ठेवला. हे चॅटजीपीटीसारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेला मराठीत सांगा व इंग्रजी बायोडाटा करून घ्या. मुलाखतीच्या प्रश्नांचा सरावही तिच्याकडून होतो. मात्र पलटणीचे ठिकाण, शस्त्रांची माहिती, सैनिक क्रमांक तिला देऊ नका. मजकूर ओळीओळीने तपासा, न केलेले कामही ती कधी कधी घुसडते. मुलाखतीत उत्तर तुम्हालाच द्यायचे आहे, यंत्राला नव्हे!